शेवटच्या खुर्चीचा मान

कासार आंबोलीच्या कुशाबाला दोन गोष्टींचं फार होतं, जमिनीचं आणि मानाचं. जमीन हळूहळू कमी होत गेली. पौड रस्त्याला पुण्याची माणसं शनिवार-रविवारचे बंगले बांधायला लागली तसा एकेक तुकडा विकला गेला, आणि पासष्टी ओलांडली तेव्हा घरामागची शेती आणि टेकडीखालचा माळ एवढंच काय ते उरलं. मान मात्र गुंठाभरही कमी झाला नव्हता. जत्रेतला पहिला नारळ त्याचा. लग्नात मांडवातला पहिला फेटा त्याचा. कुणाच्या दहाव्याला गेला तरी तो पिंडाजवळ सगळ्यांच्या पुढं उभा राही, आणि कावळा खाली उतरायच्या आधी आपल्याकडं बघतो असं त्याचं प्रामाणिक म्हणणं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यानं उतारावरची अकरा गुंठे जमीन ख्रिस्ती मंडळींना विकली. त्यांनी तिथं एक प्रार्थनाघर बांधलं. लांब कौलारू हॉल, चार खोल्या, पुढं व्हरांडा आणि एक घंटा. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी कुटुंबं रविवारी गाड्या घेऊन तिथं येत. फादर लुकस नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ तिथं राहायला आले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले होते, त्यांना बांधावरची भांडणं समजत, त्यामुळं कुशाबाशी त्यांचं पटलं.

पहिल्या नाताळाला कुशाबा पांढरं धोतर, पांढरी पैरण आणि फेटा घालून प्रार्थनाघराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. आत गेला नाही, कारण मानाची माणसं आपण होऊन आत जात नसतात. फादरनी बघितलं, स्वतः येऊन हाताला धरून आत नेलं आणि केक कापल्यावर पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. फादरच्या बाजूनं ती पाहुण्याची सरबराई होती. जमिनीवर वहिवाट लागायला बारा वर्षं लागतात. केकवर कुशाबानं ती एका दुपारीत लावून घेतली. दुसऱ्या नाताळाला तो केकच्या आधी हजर होता.

दरम्यान एकेक सण त्याच्या ध्यानात यायला लागला होता. फेब्रुवारीत राखेचा बुधवार असतो असं कळल्यावर तो त्याही दिवशी गेला आणि रांगेत पहिला उभा राहिला. फादरनी चिमटीत राख घेतली आणि त्याच्या कपाळावर खूण करत सांगितलं, माणूस मातीचा आहे आणि शेवटी मातीलाच मिळणार, हे विसरायचं नाही.

कुशाबानं विचारलं, "कुटली माती? लाल का काळी?"

मागची रांग थांबली. फादर म्हणाले, "ते सांगितलेलं नाही."

"आमच्याकडं दोनी हायेत," कुशाबा म्हणाला, आणि जणू काही पहिला अंगारा घेऊन देवळातून निघालाय अशा थाटात बाहेर आला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं कपाळ धुतलं नाही. सगुणाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं की हे काय. तो म्हणाला, "पैला मान." ती म्हणाली, "राखंचा?"

झावळ्यांच्या रविवारी तो मिरवणुकीच्या सगळ्यात पुढं चालला. झावळ्या त्याच्याच माडाच्या होत्या, त्यामुळं त्यात कुणी हरकत घेण्यासारखं नव्हतं. पण परत आल्यावर फादरनी सांगितलं की या दिवशी लोकांनी झावळ्या हलवून स्वागत केलं तेव्हा येशू शहरात आला तो गाढवावर बसून, आणि कुशाबानं हातातली झावळी खाली ठेवली.

"फादर, गाढवावर?"

"हो. गाढवाच्या पिल्लावर."

"आवं, आमच्याकडं गाढवावर बसवून धिंड काढत्यात. चोराची न्हाईतर बदफैल्याची."

"तिकडंही काही फार वेगळं नव्हतं," फादर म्हणाले. "राजा म्हटला की घोडा. हा गाढवावर आला. ज्यांच्याकडं घोडा नाही त्यांचा राजा आहे, हे लोकांना कळावं म्हणून."

कुशाबा घरी आला आणि दोन दिवस ह्या गोष्टीचा विचार करत राहिला. गावच्या जत्रेत कुणी आपल्याला गाढव दिलं तर नाकारायचं की नाही, असा प्रश्न त्यानं सगुणाबाईला विचारला. ती म्हणाली, तुमी आदी गाढवाला इचारा.

ह्या वर्षी, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चालणाऱ्या उपवासाच्या दिवसांत मात्र फादरनी एक प्रवचन केलं आणि त्यातून सगळा घोळ झाला.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रार्थनाघरात बारा माणसांचे पाय धुवायची रीत आहे. येशूनं शेवटच्या जेवणाआधी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, ते काम त्या काळी घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं असायचं, म्हणून फादर कमरेला टॉवेल बांधून, गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. पहिल्याच वर्षी फादरनी सहा माणसं गावातली घेतली होती. गावाला ते चांगलंच समजलं, फक्त वेगळं समजलं. लग्नात नवरदेवाचे पाय मुलीचा बाप धुतो, तेव्हा पाय धुवून घेणं हा मान, हे उघडच होतं. पहिली खुर्ची अर्थात कुशाबाची. दुसऱ्या वर्षी बंडोपंत आले. बंडोपंत गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर, आणि गावात कुशाबाच्या तोडीस तोड मान असलेले एकटेच. त्यांना दुसरी खुर्ची मिळाली आणि ते वर्षभर कुशाबाशी जेवढ्यास तेवढंच बोलले. हळूहळू गावच्या सहा खुर्च्यांवर सगळी मोठी माणसं बसायला लागली, आणि पहिल्या वर्षी जी बसली होती, मेंढपाळांच्या वाड्यावरची दोन माणसं, भांडी घासणारी एक बाई, ती बाहेर पडली. कुणी त्यांना हाकललं नाही. त्यांना बसायला जागाच राहिली नाही.

फादरच्या ते लक्षात आलं होतं. म्हणून गुरुवारच्या आधीच्या रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं की देवाच्या घरी हिशेब उलटा असतो. तिथं जो पुढं घुसतो तो मागं राहतो, आणि जो सगळ्यात मागं असतो त्याला देव आधी हाक मारतो. हे सगळं त्यांनी खुर्च्यांचं नाव न घेता सांगितलं. कुशाबा आणि बंडोपंत दोघंही पहिल्या ओळीत बसून ऐकत होते. दोघांनाही ते एकाच वेळी कळलं, आणि दोघांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

गुरुवारी दुपारी तीन वाजता, प्रार्थना संध्याकाळी सहाची असताना, कुशाबा प्रार्थनाघरात येऊन बाराव्या खुर्चीवर बसला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पाय त्यानं घरूनच स्वच्छ करून आणले होते. सगुणाबाईकडून वजरीनं टाचा घासून घेतल्या होत्या, नखं काढली होती, वर खोबरेल लावलं होतं.

चार वाजता बंडोपंत आले. त्यांच्या हातात घरची प्लास्टिकची खुर्ची होती. त्यांनी ती शांतपणे कुशाबाच्या पलीकडं मांडली आणि बसले.

"मास्तर, खुर्च्या बाराच असत्यात," कुशाबा म्हणाला.

"असतील. मी आपला कडेला बसलोय. माझं काय एवढं."

कुशाबा उठला, आपली बारावी खुर्ची उचलली आणि बंडोपंतांच्या पलीकडं नेऊन ठेवली. "मलाबी पुढं बसायची आवड न्हाई," तो म्हणाला.

बंडोपंत उठले. पाच वाजेपर्यंत दोघं दारापर्यंत पोचले होते. तेवढ्यात गावातले आणखी चौघं आले. काय चाललंय हे त्यांना समजायला वेळ लागला नाही, आणि त्यांनीही आपापल्या खुर्च्या उचलल्या. हिंजवडीहून आलेल्या कुटुंबांतले जे सहा जण बसायचे होते, त्यांना वाटलं ह्या वर्षी मांडणी बदललीय. ते बिचारे सगळ्यांच्या मागं मागं सरकत राहिले. गाण्याच्या गटातली स्नेहल नावाची मुलगी पेटीपाशी बसून हे सगळं बघत होती, तिला हसू आवरेना म्हणून तिनं तोंडाला ओढणी लावली.

सहाला घंटा झाली तेव्हा खुर्च्यांची ओळ हॉलच्या मध्यापासून सुरू होऊन दारातून बाहेर गेली होती आणि व्हरांड्यातल्या चपलांच्या मांडणीपाशी वळली होती. शेवटच्या दोन खुर्च्या पायऱ्यांवर होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर, दोन पाय वर आणि दोन खाली अशा तिरक्या खुर्चीत, कुशाबा बसला होता. पुढची, वेदीजवळची खुर्ची तेवढी रिकामी होती. तिच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.

फादर लुकस तांब्या, परात आणि टॉवेल घेऊन आले आणि रिकाम्या खुर्चीसमोर थांबले. त्यांनी ओळीकडं पाहिलं. ओळ कुठं जाते हे त्यांना दिसेना. त्यांनी विनंती केली की कुणीतरी पुढं यावं. सगळ्यांनी नम्रपणे मान खाली घातली. परातीत गरम पाणी होतं, ते निवायला लागलं. फादर गुडघे टेकून बसले आणि वाट बघत राहिले.

त्या वेळी तुकाबाई आली.

तुकाबाई टेकडीच्या पायथ्याच्या वाड्यावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली साठीची बाई. सकाळी प्रार्थनाघर झाडायचं काम तिच्याकडं होतं, आणि पहिल्या वर्षी पाय धुवून घेणाऱ्यांत तीही होती. ह्या वर्षी फादरनी तिला मुद्दाम निरोप धाडला होता. उशीर झाला म्हणून ती पळत आली होती. व्हरांड्यात, पायऱ्यांवर एवढी मोठी माणसं बसलेली बघून तिला वाटलं, आपल्याला आत कोण बसू देणार. पण आत एक खुर्ची रिकामी होती आणि फादर त्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसून तुकाबाईकडंच बघत होते. ती गेली आणि बसली.

फादर कामाला लागले. पण काम काही संपेना. पायरीवरच्या कुशाबाला काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी ओतल्याचा आवाज येत होता, पुन्हा ओतल्याचा, पुन्हा ओतल्याचा. शेवटी त्याला राहवेना. तो उठला आणि बघायला आत गेला. त्यानं पाठ फिरवताच बंडोपंत त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले.

कुशाबा फादरच्या खांद्यावरून वाकून परातीत बघायला लागला. तुकाबाईचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरले होते, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि पाणी नुसतं गढूळ नव्हतं. कुशाबाला मातीची भाषा येत होती. तळाशी बसलेला लाल मुरूम वाड्याच्या उताराचा, हे त्यानं ओळखलं. त्यावर पिवळसर बारीक धूळ होती, ती खडी मशिनच्या रस्त्याची. आणि सगळ्यांत वर, पायाला घट्ट चिकटलेला, वास मारणारा काळा चिखल होता नर्सरीच्या मागच्या ओढ्याचा. एवढ्या तीन मात्या एका पायावर चढायच्या तर माणसाला दोन-अडीच किलोमीटरचा वळसा घालावा लागतो. वाड्यावरून प्रार्थनाघरापर्यंत सरळ वाट दहा मिनिटांची होती. ती कुशाबाच्या माळावरून जात होती.

जात होती, कारण जानेवारीत त्यानं ती बंद केली होती. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या निरंजन नावाच्या तरुणाला माळावर बंगल्यासाठी प्लॉट हवा होता, आणि मधून लोकांची ये-जा नको होती. दोन बांधांच्या मधली जी खिंड होती, तिच्यात कुशाबानं जेसीबीनं एक दगड आणून टाकला. प्रार्थनाघराच्या फाटकाशी गावचा नळ आहे, वाड्यावरच्या बाया तिथूनच पाणी नेत, त्या मग ओढ्याकडून जायला लागल्या. कुणी भांडायला आलं नाही, म्हणून कुशाबाला वाटलं होतं की कुणाला काही वाटलं नाही.

"तुके," तो हळूच म्हणाला, "ओढ्यानं आलीस व्हय?"

"मग काय उडून येऊ?" तुकाबाई म्हणाली. "दिसातनं तीन खेपा व्हत्यात. दोन हंडं डोक्यावर."

फादरनी वर बघितलं नाही. त्यांनी पाय पुसले, रीतीप्रमाणं त्यांवर ओठ टेकले आणि उठायला लागले, तेव्हा तुकाबाईनं त्यांना थांबवलं.

"फादर, आन तुमचं पाय कोन धुनार?"

हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. फादर म्हणाले की तशी पद्धत नाही. तुकाबाईला पद्धतीचं काही पडलं नव्हतं. तिनं त्यांना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं, टॉवेल घेतला आणि खाली बसली. मेंढरांचे खूर बघायची सवय, तिनं फादरचं पाऊल उचलून उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं टाच दाबली आणि म्हणाली, "कुरूप झालंय हितं. चालताना दुकत आसंल." फादर म्हणाले, हो, दोन वर्षं झाली. "मग सांगायचं न्हाई व्हय कुनाला," ती म्हणाली आणि पाणी ओतलं. गाणं सुरू करायचं असतं हे स्नेहलच्याही लक्षात राहिलं नाही.

उरलेल्या बारा जणांचे पाय धुवायला फादरना वेळ लागला, कारण त्यांना परात घेऊन व्हरांड्यात आणि मग पायऱ्यांवर जावं लागलं. कुशाबाला शेवटून दुसरी खुर्ची मिळाली. त्याच्या पायांवर पाणी पडलं आणि जसं पडलं तसंच परातीत उतरलं, खोबरेलाचे दोन गोल ठिपके तेवढे वर तरंगले. कुशाबा त्या पाण्याकडं बघत राहिला. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. कुशाबा रात्री नीट झोपला नव्हता, तरी तो गेला.

"आजचा मान काय आसतो, फादर?"

"आज मान नसतो, कुशाबा. आज एका निरपराध माणसाला सरकारनं, पुढाऱ्यांनी आणि गर्दीनं मिळून मारलं. ज्यांनी आदल्या रविवारी झावळ्या हलवल्या तेच ओरडत होते. आज नुसता अपमान आहे."

कुशाबानं फेटा सारखा केला. "मग पैला अपमान माजा."

हिंजवडीच्या काही केरळी कुटुंबांत ह्या दिवशी प्रार्थनेनंतर कारल्याचा कडू रस प्यायची चाल आहे, त्यांनी मोठा डबा भरून रस आणला होता. पहिला पेला फादरनी कुशाबाच्या हातात दिला. तोंड वाकडं न करता त्यानं तो संपवला. नंतर आणखी एक मागितला. डॉक्टरांनी साखरेसाठी हेच सांगितलंय, म्हणाला.

निघताना त्यानं विचारलं, "आन आयतवारचा मान कुनाचा?"

"रविवारचा पहिला मान बायकांचा," फादर म्हणाले. "सगळे पुरुष घाबरून दारं लावून बसले होते. पहाटे बायका निघाल्या, प्रेताला लावायला सुगंधी तेलं घेऊन. आणि वाटेत त्यांना एकच काळजी, की कबरीच्या तोंडावर एवढा मोठा दगड लावलाय, तो आपल्याला कोण सारून देणार."

"मग कुनी सारला?"

"ते रविवारी ऐकायला या."

कुशाबा घरी निघाला. ओढ्याच्या बाजूनं तुकाबाई आणि तिची सून करिष्मा हंडे घेऊन येत होत्या. त्यानं त्यांना बघितलं, त्यांनी त्याला बघितलं. शनिवारचा सगळा दिवस तो ओट्यावर बसून होता. दगड आपला आहे, असा त्याचा विचार चालला होता. जेसीबी आपण आणला, जागा आपण दाखवली. उद्या फादरनी सांगितलं की कुणीतरी दगड सारावा, आणि बंडोपंतांनी आपल्या आधी पहार उचलली, तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे त्यानं सगुणाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला वाट मोकळी करायची हाय तर करा की. मास्तराला कशाला मदी आनताय?" कुशाबा म्हणाला तसं काही नाही. पण पहार कुठं आहे हे त्यानं विचारून घेतलं.

रविवारी तांबडं फुटायच्या सुमाराला तो निघाला. पुढं प्रार्थनाघरात जायचं म्हणून अंगावर पांढरं धोतर, पांढरी पैरण, पांढरा फेटा. खांद्यावर पहार आणि फावडं. खिंडीत जाऊन त्यानं दगडाच्या उताराकडच्या अंगाची माती उकरायला सुरुवात केली. दगड बसलेल्या म्हशीएवढा होता आणि तेवढाच मख्ख होता. अर्धा तास उकरल्यावर त्यानं मागून पहार घातली आणि सगळा जीव लावला. दगड हलला, अंमळ कलला आणि मग एकच गिरकी घेऊन खालच्या चरात जाऊन पडला. त्याच क्षणी कुशाबाच्या कमरेत काहीतरी कट्‌कन झालं. तो होता तिथंच, उजव्या बाजूच्या बांधावर, खाली बसला. पुन्हा उठता येईना.

उजाडत होतं. वाड्यावरून तुकाबाई, करिष्मा आणि आणखी एक बाई हंडे घेऊन आल्या. त्यांची चाल जुन्याच वाटेची होती, दगडापर्यंत यायचं आणि मग ओढ्याकडं वळायचं. आज त्या वळायला गेल्या आणि तुकाबाईला दिसलं की दगड जागेवर नाही. जिथं दगड होता तिथं ओल्या मातीचा खड्डा, आणि खड्ड्याच्या उजव्या अंगाला एक पांढऱ्या कपड्यातला माणूस, हलत नाही, बोलत नाही. करिष्माच्या हातून हंडा सुटला. तिसरी बाई आल्या पावली वाड्याकडं पळाली.

"भिऊ नगा," बांधावरून आवाज आला. "पानी तिकडंच हाय. सरळ जावा."

तुकाबाईनं जवळ जाऊन बघितलं. "ह्यो तर कुशाबादादा," ती म्हणाली. "आवं, हितं काय करतायसा?"

"बसलोय."

"उटा की मग."

"येतंय कुनाला उटाय."

दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरला. प्रार्थनाघर जवळ होतं आणि फादरच्या कपाटात दुखण्यावरचा मलम असतो हे तुकाबाईला माहीत होतं, म्हणून त्या त्याला तिकडंच घेऊन गेल्या. सकाळची प्रार्थना सुरू झाली होती. त्यांनी त्याला मागच्या बाकावर टेकवला आणि हंडे घेऊन दारातच थांबल्या. फादर वाचत होते. पहाटे तीन बायका निघाल्या. दगड कोण सारील म्हणून त्यांना घोर लागला होता. येऊन बघतात तो दगड बाजूला झालेला. आणि उजव्या बाजूला पांढरे कपडे घातलेला एक माणूस बसलेला, तो त्यांना म्हणाला, भिऊ नका.

तुकाबाईनं मान वळवून कुशाबाकडं बघितलं. करिष्मानंही बघितलं. कुशाबानं आपल्या धोतराकडं बघितलं, त्याला लाल माती लागली होती, पण बाकी पांढरंच होतं.

"ह्यो आपलाच की," तुकाबाई जरा मोठ्यानंच म्हणाली, आणि पुढच्या तीन ओळींतली माणसं मागं वळली.

प्रार्थना संपल्यावर फादर मलम घेऊन आले. तुकाबाईनं त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा हसायचं की नाही हे न ठरलेल्या माणसासारखा झाला होता.

"कुशाबा, खरं सांगा. हे तुम्ही आधी कुठं वाचलं होतं का?"

"मला चष्म्याबिगर लाइटबिल वाचता येत न्हाई," कुशाबा पालथा पडून म्हणाला. "फादर, म्या येनार हे त्येंला कसं कळलं?"

"ते दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय."

"व्हय, पर लिवलंय न्हवं." त्याचा आवाज एकदम हळवा झाला. केकचा तुकडा, राख, झावळ्या, ह्या सगळ्याच्या वरचा मान होता हा. "मग नाव काय लिवलंय त्या मानसाचं?"

फादरनी मलम चोळता चोळता सांगितलं, "नाव लिहिलेलं नाही."

"येवढा दगड सारला आन नाव न्हाई?"

"त्यानं सारला असंही लिहिलेलं नाही. तो नुसता तिथं बसला होता."

"त्यानं सारला नसंल. म्या सारलाय," कुशाबा म्हणाला. "पहार तितंच पडलीय, बगून या."

फादर खरोखरच बघायला गेले. सगळेच गेले. कुशाबाला एकट्याला बाकावर पालथं ठेवून हिंजवडीची आणि गावची मंडळी खिंडीपर्यंत चालत गेली, खड्डा बघितला, चरातला दगड बघितला आणि त्याच वाटेनं परत आली. बंडोपंतांनी दगडाला हात लावून बघितला आणि अशा दगडाला दोन माणसं लागतात, असं मत दिलं.

सोमवारी निरंजन प्लॉट बघायला आला. कुशाबा कमरेला पट्टा बांधून ओट्यावरच्या खाटेवर पडला होता. निरंजनला माळ इथूनच दिसत होता, आणि माळावरून डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया एकामागून एक चाललेल्याही दिसत होत्या.

"काका, ही वाट तुम्ही क्लोज केली होती ना? आपलं बोलणं झालं होतं."

"केली व्हती. आता उगडलीय."

"पण मग कंपाउंड कसं घालणार मी?"

"वाटंच्या ह्या अंगाला एक घाला, त्या अंगाला एक घाला."

"म्हणजे माझ्या प्लॉटच्या मधून लोक जाणार?"

"तीन खेपा," कुशाबा म्हणाला. "जास्त न्हाई."

निरंजननं वाटेचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. सगुणाबाईनं दिलेला चहा घेतला, काकांच्या कमरेची चौकशी केली आणि विचार करून कळवतो म्हणून गाडीत बसला. त्याचा फोन काही आला नाही. कुशाबानंही केला नाही, फक्त दोन-तीनदा सगुणाबाईला विचारलं की फोनला रेंज आहे ना.

जूनमध्ये कमर सरळ झाल्यावर त्यानं माळ नांगरून घेतला आणि वाटेचा पट्टा सोडून नाचणी टाकली. पंधरा दिवसांत तुकाबाईची दोन शेरडं त्या कोवळ्या नाचणीत शिरली. त्यावरून दोघांचं बांधावर उभं राहून जे भांडण झालं, ते प्रार्थनाघरात फादरना खिडक्या बंद करूनसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं.